टाका कच्चा की पक्का?

रामनगरच्या काकूंना टाक्यांबद्दल कुणी काही शिकवायला जाऊ नये. तीस वर्षं झाली, त्या साड्यांना फॉल-बिडिंग करून देतात, ब्लाऊज शिवतात. गाव बनारसी शालूंचं, त्यामुळे कामाला तोटा नाही. कच्चा टाका कुठे, पक्का कुठे, हातशिलाई कुठे आणि मशीन कुठे मारायचं, हे त्यांची बोटंच ठरवतात. पण पन्नाशी उलटल्यावर त्यांना एका वेगळ्याच टाक्याची ओळख करून घ्यावी लागली. हा टाका कापडात नव्हता, त्यांच्याच छातीत, कातडीखाली होता. किंबहुना तो तिथे नव्हता, हीच तर सगळी गोष्ट!

काशीला जाऊन आलेल्या मराठी माणसाला रामनगर ठाऊक असतं ते किल्ल्यामुळे. नाव दक्षिणेकडे नेली की गंगेच्या पलीकडच्या तीरावर चुनारच्या दगडात बांधलेला काशी नरेशांचा किल्ला दिसतो. राजा बलवंत सिंह यांनी तो १७५० च्या सुमारास बांधला. लालबहादूर शास्त्रींचं वडिलोपार्जित घर याच गावातलं. आणि अनंत चतुर्दशीला, आपल्याकडे गणपतीचं विसर्जन चालू असतं तेव्हा, इथे महिनाभराची रामलीला सुरू होते. अयोध्या एकीकडे, जनकपूर दुसरीकडे, लंका तिसरीकडे. प्रसंग बदलला की प्रेक्षक उठून पुढच्या जागी चालत जातात.

काकूंचं माहेर गंगेच्या अलीकडे, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या बाजूला. या गल्ल्यांमधून मराठी घरं पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. शिवरायांच्या राज्याभिषेकाला १६७४ मध्ये रायगडावर गेलेले गागाभट्ट काशीचेच आणि झाशीच्या राणीचा जन्मही इथलाच. काकू लग्न होऊन रामनगरला आल्या तेव्हा माहेरी जायचं म्हणजे हिवाळ्या-उन्हाळ्यात पिंपांवर तरंगणाऱ्या पुलावरून आणि पावसाळ्यात नावेतून. रामनगर ते सामने घाट हा पक्का पूल २०१७ मध्ये सुरू झाला. तो झाला नसता तर पुढे आलेल्या आजारपणात काय हाल झाले असते, हे काका आजही बोलून दाखवतात.

आजार स्तनाच्या कर्करोगाचा. गाठ लवकर सापडली, शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी केमोथेरपीचे सहा डोस सांगितले. दर तीन आठवड्यांनी एक. पहिला डोस हाताच्या शिरेतून दिला. औषध लालभडक. हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस भाजल्यासारखं होतं, त्यामुळे ते देताना परिचारिका डोळ्यांत तेल घालून बसते. काकूंच्या शिरा आधीच बारीक. त्या एका डोसातच शीर दोरीसारखी कडक झाली, वरची कातडी काळवंडली. पुढच्या डोसाआधी डॉक्टर म्हणाले, "आपण पोर्ट बसवू या."

पोर्ट म्हणजे काय? साधारण जुन्या मोठ्या नाण्याएवढी, सेंटिमीटरभर उंचीची डबी. टिटॅनियमची किंवा कडक प्लॅस्टिकची. तिच्या माथ्यावर सिलिकॉनचा पडदा असतो आणि बाजूने एक बारीक नळी निघते. कॉलरच्या हाडाखाली कातडीला छोटा छेद देऊन आत कप्पा करतात, त्यात डबी ठेवतात. नळी मानेच्या किंवा हाडाखालच्या मोठ्या शिरेतून हृदयाच्या तोंडाशी नेतात. तिथे रक्ताचा प्रवाह मोठा, त्यामुळे जहाल औषधही लगेच पातळ होतं. एरवी बाहेर काहीच दिसत नाही, नुसता एक उंचवटा. औषध द्यायच्या वेळी कातडीतून पडद्यात सुई टोचायची, काम झालं की काढून घ्यायची.

ही सुईसुद्धा खास असते. साध्या सुईने पडद्याचा गोल तुकडा निघून येईल आणि काही दिवसांत चाळण होईल. म्हणून टोक किंचित वाकवलेली सुई वापरतात. ती पडदा कापत नाही, फाकवते, आणि बाहेर आली की भोक मिटतं. तिला नाव आहे राल्फ ह्युबर यांचं. ते अमेरिकेतल्या सिॲटल शहरातले दातांचे डॉक्टर! संपूर्ण कातडीखाली राहणारा पोर्ट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. अमेरिकेतले सर्जन जॉन नीडरह्युबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये कर्करोगाच्या रुग्णांवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि तिथून त्याचा प्रसार झाला.

काकूंचा पोर्ट बनारसच्या एका खासगी इस्पितळात बसला. तासाभराचं काम, तेवढीच जागा बधिर करून. दुसरा डोस छान गेला, तिसराही गेला. हाताला सुई नाही, काळे डाग नाहीत. शेजारच्या बायका म्हणायच्या, "चाची के मशीन लगी है." काकूंनाही मशीन म्हटलेलं आवडायचं. त्यांचं सगळं आयुष्यच मशीनवर गेलेलं!

चौथ्या डोसाच्या आठ दिवस आधीची गोष्ट. रामलीलेचे दिवस. काका लीलेचे 'नेमी', म्हणजे एकही दिवस न चुकवणारे. केमोमुळे काकूंना गर्दीत जायची बंदी. मुलगा कामावर, सून नातवाला घेऊन लीलेला. घरात काकू एकट्या. बोटं सवयीने उंचवट्याकडे गेली आणि थबकली. एरवी हाताला लागायचं ते गोल कडं आणि मधे दाबलं तर किंचित दबणारा भाग. आता तिथे काहीतरी सपाट, गुळगुळीत, दगडासारखं कडक लागत होतं.

काकूंच्या मनात एकच शब्द आला. गाठ. नवी गाठ!

त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत. काका लीलेहून आनंदात परत येत, आज कुठला प्रसंग झाला ते सांगत, आणि काकू हूं हूं करत. घरात चौथ्या डोसाचे पैसे जमवणं चाललेलं. आता पुन्हा शस्त्रक्रिया म्हणायचं कुणाच्या तोंडावर? रात्री दिवा मालवला की हात पुन्हा तिथेच. आठ रात्री त्यांनी अशा काढल्या. ज्या बाईने पहिली गाठ लागल्याबरोबर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठला होता, तीच बाई या वेळी गप्प बसली. भीती माणसाला प्रत्येक वेळी शहाणंच करते असं नाही.

डोसाच्या दिवशी परिचारिकेने जागा पुसली, सुई टोचली. सुई आत जाईना. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. "चाची, सुई अंदर नहीं जा रही," ती म्हणाली आणि डॉक्टरांना बोलावून आली. क्ष-किरण फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "पोर्ट उलटलाय. पडदा खाली गेलाय, बूड वर आलंय. सुई लोखंडावर आपटल्यासारखी बुडावर आपटतेय."

"म्हणजे गाठ नाही?"

"गाठ? कसली गाठ?"

काकूंना रडू कोसळलं. सून शेजारी उभी होती. "आई, आठ दिवस तुम्ही एकट्या हे मनात घेऊन बसलात? मला तरी सांगायचंत!" ती म्हणाली आणि तिचेही डोळे भरून आले.

डोळे पुसून झाल्यावर मात्र काकूंमधली शिवणकाम करणारी बाई जागी झाली. त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, याला टाका कच्चा घातला होता की पक्का?"

डॉक्टर हसले. "घातलाच नव्हता."

बिनटाक्याचा खिसा! काकूंना ते पटेना. तेव्हा डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि शांतपणे समजावून सांगितलं. पोर्ट बसवणाऱ्या प्रत्येक घरासाठी ते मोलाचं आहे, म्हणून इथे जरा सविस्तर.

पोर्ट जागेवर धरून ठेवण्याच्या तीन रीती आहेत. पहिली पक्क्या टाक्याची. पोर्टच्या कडेला बारीक भोकं असतात. त्यांतून न विरघळणाऱ्या दोऱ्याचे, म्हणजे नायलॉनसारख्या किंवा रेशमाच्या दोऱ्याचे, दोन-तीन टाके घेऊन डबी छातीच्या स्नायूवरच्या चिवट पडद्याला बांधतात. बांधणी भक्कम. पण छेद थोडा मोठा लागतो, वेळ जास्त जातो आणि पुढे पोर्ट काढायच्या वेळी तो दोरा शोधून कापावा लागतो. टाका एकच असेल तर डबी त्याच्याभोवती बिजागरीसारखी हलू शकते, म्हणून निदान दोन जागी बांधलेलं बरं.

दुसरी रीत कच्च्या टाक्याची. दोरा विरघळणारा. असा नेहमीचा दोरा तीनएक आठवडे चांगला जोर धरतो आणि दोन-अडीच महिन्यांत नाहीसा होतो. मग डबीला धरतं कोण? तर आपलं शरीरच. परकी वस्तू आत आली की शरीर तिच्याभोवती चिवट आवरण विणायला लागतं. दोरा सैल पडेपर्यंत ते आवरण तयार झालेलं असतं. शिवणाऱ्या बाईला हे लगेच कळावं. कच्चा टाका कायमचा टिकावा म्हणून आपण घालत नाही. पक्की शिलाई बसेपर्यंत कापड हलू नये, एवढंच त्याचं काम.

तिसरी रीत बिनटाक्याची. कप्पाच इतका नेमका करायचा की डबी घट्ट बसावी, फिरायला जागाच उरू नये. ही रीत आळसातून आलेली नाही. टाके न घालता बसवलेल्या पोर्टचा ५३४ रुग्णांचा आढावा अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. 'टाके खरोखर हवेत का?' असा त्यांचा प्रश्न होता. पोर्ट उलटण्याचं प्रमाण त्यांना अगदी नगण्य आढळलं. काम लवकर होतं, काढणं सोपं जातं. म्हणून अनेक डॉक्टर याच रीतीने जातात.

मग काकूंचाच पोर्ट का उलटला? कारणं तीन निघाली. एक, त्यांची अंगकाठी स्थूल आणि छातीवरचा भाग मऊ, सैल. अशा ठिकाणी कप्पा बसल्या-उठल्यासरशी ताणला जातो. दोन, केमोच्या दिवसांत जेवण जाईना, वजन झपाट्याने उतरलं, आणि नेमका असलेला कप्पा ढिला झाला. वजन उतरल्यावर ब्लाऊज ढिला होतो, तसंच! आणि तिसरं कारण काकूंच्या बोटांत होतं. कापडाचा पोत अंगठ्याने चाचपून बघायची तीस वर्षांची सवय. शिवताना, टीव्ही बघताना, जप करताना बोटं उंचवट्यावर जात आणि डबी आतल्या आत गोल फिरवत. काकूंना त्याचा पत्ताही नव्हता.

या चाळ्याची वैद्यकशास्त्रात जुनी नोंद आहे. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या काही रुग्णांनी कातडीखालचं यंत्र चाळा म्हणून फिरवून फिरवून त्याची तार सुतासारखी गुंडाळून टाकली होती. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९६८ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं आणि तेव्हापासून त्या प्रकाराला 'चाळा करणाऱ्याचा विकार' अशा अर्थाचं इंग्रजी नाव पडलं. पोर्टमध्येही तेच होतं. नळी पिळवटली तर डबी उलटण्यापेक्षाही मोठी पंचाईत.

डॉक्टरांनी आधी बाहेरून हाताने डबी सुलटी करून पाहिली. कधी कधी तेवढ्यावर भागतं. काकू पलंगावरून उठल्या आणि ती पुन्हा कलंडली. मग पुन्हा छोटी शस्त्रक्रिया ठरली. या वेळी काकूंनी एक गोष्ट सुचवली. "खूण मला उभं करून करा. ब्लाऊजचं माप आम्ही झोपवून घेत नाही." डॉक्टरांनी मान डोलावली, कारण गोष्ट खरी होती. आडवं असताना जी जागा ठीक वाटते, ती उभं राहिल्यावर, विशेषतः भरलेल्या अंगाच्या बाईत, चांगली दोन बोटं खाली उतरते. खांद्यावरचा पट्टा कुठे येतो, पर्स कुठल्या खांद्याला लावते, मशीनवर वाकताना कुठे दाब येतो, हे सगळं पाहून खूण केली. कप्पा लहान केला आणि दोन पक्के टाके घातले. चौथा डोस दहा दिवस पुढे गेला. पुढचे दोन्ही वेळेवर झाले. काकूंनी बोटांना काम म्हणून तुळशीची माळ हाती घेतली.

कुणाला वाटेल, एवढी भानगड असेल तर पोर्ट हवाच कशाला? त्याचंही उत्तर आहे. दुसरे मार्ग दोन. एकात दंडाच्या शिरेतून लांब नळी आत सोडतात. तिचं टोक बाहेर लोंबत असतं, ते चिकटपट्टीने किंवा टाक्याने धरून ठेवावं लागतं आणि दर आठवड्याला पट्टी बदलावी लागते. दुसऱ्यात छातीतून बाहेर आलेली नळी असते. तिच्यावर कातडीखाली लोकरीसारखी पट्टी गुंडाळलेली असते, त्या पट्टीत शरीराची ऊती मुळांसारखी शिरते आणि नळी घट्ट होते. ब्रिटनमधल्या हजाराहून अधिक रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत या तिघांची तुलना झाली. ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पोर्ट आणि दंडाची नळी यांच्या तुलनेत पोर्टवाल्यांपैकी ३२ टक्के रुग्णांना काही ना काही त्रास झाला, तर दंडाच्या नळीवाल्यांपैकी ४७ टक्क्यांना. छातीच्या नळीशी तुलना केली तेव्हाही पोर्टच सरस ठरला, २९ टक्के विरुद्ध ४३ टक्के. आंघोळ मोकळेपणी करता येते, नातवाला कडेवर घेता येतं, हे सुख वेगळंच. महिने न् महिने उपचार चालणार असतील तर पोर्ट सोयीचा. थोड्याच दिवसांचं काम असेल तर दंडाची नळी पुरते. आणि हे सगळं खर्च आणि घरची सोय बघून ठरवायचं.

घर इस्पितळापासून किती लांब आहे, याचाही विचार इथे करावा लागतो. एके काळी बनारसच्या कर्करोगाच्या रुग्णाने महानगरी नाहीतर कामायनी एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठायची, हा ठरलेला क्रम होता. परळचं टाटा इस्पितळ १९४१ मध्ये सुरू झालं, आणि तिथल्या रांगेत पूर्व उत्तर प्रदेशातली माणसं आजही दिसतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा किती तरी कुटुंबांना आसरा दिला. आता टाटा स्मारक केंद्राचीच दोन इस्पितळं बनारसमध्ये आहेत. लहरतारा इथलं होमी भाभा कर्करोग इस्पितळ २०१८ मध्ये सुरू झालं आणि बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातल्या महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्राचं उद्घाटन फेब्रुवारी २०१९ मध्ये झालं. रामनगरच्या माणसाला पूल ओलांडला की विद्यापीठ. पण गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आतल्या गावातून येणाऱ्या बाईला अजूनही तसं नाही. तिचा पोर्ट उलटला तर नुसती सुई अडत नाही. एस.टी.चं भाडं, बुडालेली मजुरी, पुढे गेलेला डोस, हे सगळं त्या एका न घातलेल्या टाक्याच्या खाती जमा होतं.

म्हणून टाका कच्चा, पक्का की मुळीच नाही, हे डॉक्टरांनी ठरवावं. पण विचारणं आपल्या हातात आहे. पोर्ट बसवण्याआधी विचारा: माझ्या अंगकाठीला कुठली रीत बरी? खूण उभं करून केली का? वजन उतरलं तर काय करायचं? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बसवून झाल्यावर डॉक्टरांसमोर स्वतःचं बोट तिथे ठेवून विचारा: नीट बसलेला पोर्ट हाताला कसा लागतो? कडं कुठे, मऊ भाग कुठे? एकदा समजून घ्या, घरच्या एका माणसालाही दाखवून ठेवा आणि मग हात काढून घ्या.

बाकीची पथ्यं थोडकीच. पोर्टबरोबर मिळालेलं कार्ड फायलीत जपून ठेवावं. एमआरआय करायची वेळ आली तर ते आधी दाखवावं. सुई फक्त त्या कामाची माहिती असलेल्याकडूनच टोचून घ्यावी. दहा मिलिलिटरपेक्षा लहान सिरिंजने आत जोर लावू नये, कारण बारीक सिरिंजचा दाब जास्त असतो, त्याने नळी फुटू शकते. उपचार संपल्यावरही पोर्ट आत असेल तर तो ठरल्या वेळी धुऊन घ्यावा लागतो. पूर्वापार प्रघात दर चार आठवड्यांचा, काही ठिकाणी आता त्याहून जास्त अंतर चालतं. आपल्या डॉक्टरांचं सांगणं पाळावं. जागा लाल झाली, सुजली, दुखू लागली, औषध चालू असताना चरचरलं, पोर्ट धुतल्यावर थंडी वाजून ताप आला, किंवा मान-हात सुजला, तर त्याच दिवशी फोन करायचा. पुढच्या डोसापर्यंत थांबायचं नाही.

आणि हाताला काही वेगळं लागलं तर? तेही त्याच दिवशी सांगायचं. उलटलेली डबी सुलटी करता येते, टाका नव्याने घालता येतो. आठ रात्री एकटीने काढलेली भीती मात्र कुणालाच उसवून देता येत नाही.